बाराची दोरी

घोळ झाला तो वाचता येत असल्यामुळे. जावयाला वाचता येत नसतं, तर त्या दिवशी तो निवांत वाचला असता.

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमीत बसवणं हा त्याचा धंदा. जोडीला गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून भिंतीवरचा तक्ता वाचायला लावायचा. वरचं मोठं अक्षर आधी, मग खाली खाली. सगळ्यात खालची बारीक ओळ बहुतेकांना दिसत नाही, आणि ज्यांना दिसते ते चष्मा घेत नाहीत. त्यामुळे त्या ओळीशी त्याचं फारसं देणंघेणं नसे. सोळा वर्षं हेच केल्यावर माणूस जगातली प्रत्येक गोष्ट वरच्या मोठ्या अक्षरापासून वाचतो आणि तिथेच थांबतो.

सासऱ्यांचा फोन आला तेव्हा तो उभा राहिला. फोनवर उभं राहायची गरज नसते हे त्याला माहीत होतं, पण गुडघ्यांना माहीत नव्हतं.

"जावईबापू, रविवारी बास मासे धरायला जायचंय. दोरी संपलीय. येताना घेऊन या."

"हो मामा. नायलॉनचा साधा तंगूस आणू का?"

"तंगूस नको. तंगूस ताणला जातो. गळाचं जिग तळाला टेकलं, दगडाला घासलं, माशाने तोंड लावलं, सगळं हाताला तिथल्या तिथे कळायला हवं. विणीची दोरी आणा. हिरवी. आणि बारा आणा."

"बारा डबे?"

पलीकडे शांतता पसरली. मामांची शांतता दोन प्रकारची असे, आणि हा दुसरा प्रकार होता.

"डबा एक. दोरी बाराची. डब्यावर लिहिलेलं असतं. वाचता येतं ना?"

"येतं," जावई म्हणाला. इथेच घोळ झाला.

मामा वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. एकोणतीस वर्षं त्यांनी तराजूंच्या पारड्यांखाली चिकटवलेलं मेण आणि तळ ठोकून आत घेतलेली मापं पकडली. सख्ख्या भावाच्या दुकानातला काटा हलका निघाला, तेव्हा तोही जप्त केला. भाऊ म्हणाला, अरे, मी तुझा भाऊ. मामा म्हणाले, मापात पाप, आणि पापाला नातं नसतं. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. अशा माणसाचा कंपनीच्या शब्दावर विश्वास कसा बसावा? दोरी अमुक इतके पौंड ओढते, हा त्यांच्या मते दावा. दोरी अमुक इतकी जाड आहे, हे माप. म्हणून ते विणीची दोरी कायम जाडीवर मागत. बारा पौंडांच्या साध्या तंगुसाएवढी जाड ती बाराची, आणि तेवढ्या जाडीची विणीची दोरी पन्नास पौंड सहज ओढते. डब्यावर दोन्ही आकडे असतात. ताकद मोठ्या अक्षरात वर, जाडी बारीक अक्षरात खाली.

वर आणि खाली.

गळ-दोरीच्या दुकानातला दुकानदार भला माणूस होता. त्याने विचारलं, "बास मोकळ्या पाण्यात धरणार की झाडाझुडपात?"

"झाडात. पाण्यात बुडालेली झाडं आहेत तिथे."

"मग तिथे जिग टाकायचं म्हणजे दोरी दणकट हवी साहेब. मासा लागला की झाडाला वेढा मारतो. त्याला उपसून काढायचा तर पन्नास तरी घ्या. मोकळ्यात छोटी आमिषं लांब फेकायची असती, तर गोष्ट वेगळी."

"बारा द्या."

"अहो, बारा कमी पडेल."

"बाराच सांगितलीय."

दुकानदाराने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा शहाणा माणूस सांगत नाही. त्याने बारा दिली. वर मोठ्या अक्षरात १२, जावयाने खात्री करून घेतली. खाली बारीक अक्षरात ३ होतं. ती ओळ, म्हटलं ना, त्याच्या धंद्यातली नव्हती.

"रिळावर भरताना ओल्या फडक्यात घट्ट धरा," दुकानदार मागून म्हणाला. "बारीक दोरी सैल भरली की वेटोळी सुटतात."

घरी बायकोने डब्यातली फिरकी पेन्सिलीत अडकवून धरली आणि जावयाने मागच्या खेपेपासून आपल्याकडेच राहिलेल्या मामांच्या रिळावर दोरी भरली. समोर टीव्ही चालू होता. ओलं फडकं आणायला उठावं लागलं असतं.

"कुणाची वेणी घालताय एवढ्या मन लावून?" बायकोने विचारलं.

"तुझ्या वडिलांची."

"त्यांना केस कुठे आहेत?"

दोघं हसली. त्या आठवड्यातलं त्याचं हे शेवटचं हसू.

रविवारी उजाडता उजाडता सासरा-जावई होडीत बसले. पत्र्याची छोटी होडी, मागे बॅटरीवर चालणारी मोटर, एक आखूड वल्हं, आमिषांचा डबा. केशरी लाइफ जॅकेटं दोन. जावयाने आपलं घातलं, पट्टे तीनदा आवळले. मामांनी आपलं घडी करून बुडाखाली घेतलं.

"फळी टोचते," ते म्हणाले.

पाणी सपाट होतं. दूर धरणाच्या भिंतीची करडी रेघ, तिच्या मधोमध सांडव्याचे दरवाजे, आणि अलीकडे पिवळ्या पिंपांची साखळी. साखळीच्या पुढे जाऊ नये, असा फलक होता. साखळीची मधली दोन पिंपं सुटून कुठेतरी गेली होती, त्यामुळे फलक होता आणि साखळी होती, पण अडवणूक नव्हती. बुडालेली झाडं साखळीच्या जरा अलीकडे. त्यांचे काळे बुंधे पाण्यातून वर आलेले.

मामांनी दोरीला जिग बांधलं. जाड तारेचा गळ, शिशाचं डोकं, खाली रबराच्या झिरमिळ्या. गाठ थुंकीने ओली करून आवळली आणि खूश होऊन म्हणाले, "झाडात शिरला तरी बेहत्तर. पन्नास पौंड आहेत. तुम्हाला उचलून बाहेर ठेवीन या दोरीने."

"पन्नास?" जावई म्हणाला. "बारा ना?"

"जाडी बारा. ताकद पन्नास. खाली बारीक अक्षरात जाडी असते, वाचलं नाहीत?"

रिकामा डबा जावयाच्या खिशात होता. मामा पाण्याकडे वळले तसा त्याने तो खिशातच जरा वर सरकवून पाहिला. वर बारा. खाली तीन.  त्याने डबा परत खाली ढकलला, इतका खाली की अस्तर उसवलं.

आता सांगावं. ‘मामा, चुकलं’, एवढे दोनच शब्द. पण ते दोन शब्द तोंडापर्यंत आले की त्याला जप्त झालेला काटा दिसे आणि शब्द मागे फिरत. नंतर सांगू, त्याने ठरवलं. एखादा मासा मिळाला की मामा खुशीत येतील. मग सांगू.

मामांनी पहिली फेक केली. दोरी त्यांच्या अंगठ्याखालून सुळकन गेली. त्यांनी क्षणभर अंगठ्याकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"कुठल्या दुकानातून घेतली?"

"मोठ्या. कोपऱ्यावरच्या."

"हं."

आणि ते गप्प झाले. शांततेचा प्रकार कुठला, हे जावयाला ओळखता आलं नाही.

तासाभरात एकही मासा लागला नाही. तेवढ्यात भिंतीकडून भोंगा वाजला. लांबलचक, तीनदा. 

"मामा, दरवाजे उघडतायत."

"भोंगा खालच्या लोकांसाठी असतो. आपण वर आहोत."

"पण वरचंच पाणी खाली जातं ना?"

अजून एकच फेक, मग निघू, असं मामा म्हणाले. ती फेक त्यांनी जोरात केली. सैल भरलेल्या रिळाने दावा साधला. एकाच वेळी दहा-बारा वेटोळी निसटली, दोरीचा पुंजका हवेत उडाला आणि होडीच्या मागे पाण्यात पडला. मोटर चालूच होती. पंख्याने पुंजका आत ओढला, मोटरने घर्र केलं आणि ती थांबली.

पुंजका सोडवायला मामा वाकले. पंख्याच्या दांड्यावर हिरवी दोरी इतकी घट्ट बसली होती, जणू तिथेच विणली होती. नट काढायला पाना नव्हता. मामांनी चाकूने दोरी कापली, रिळाकडचा पुंजका हातात घेऊन सोडवला. आता दोरी उरली ती एवढीच, तीही पंख्याने खरवडलेली.

"वल्हं मारा," ते म्हणाले.

जावयाने मारलं. आखूड वल्ह्याने होडी गोल फिरली. पुन्हा मारलं. पुन्हा गोल फिरली, पण या वेळी त्याला एक गोष्ट दिसली: मघाशी समोर असलेली झाडं आता बरीच मागे होती. पाणी तसंच सपाट होतं. लाट नाही, खळखळ नाही. होडी नुसती चालली होती, कुणीतरी हाताला धरून नेल्यासारखी. साखळीतल्या मोकळ्या जागेतून ते अलगद पलीकडे गेले. भिंतीकडून आता आवाज येत होता. तो कानाला कमी आणि होडीच्या पत्र्यातून तळपायाला जास्त कळत होता.

मामांनी आमिषांच्या डब्यातलं सगळ्यात जड जिग काढलं, बांधलं, उभे राहिले आणि झाडांकडे फेकलं. पडलं वावभर अलीकडे. त्यांनी घाई न करता गुंडाळलं. जावई फक्त भिंतीकडे बघत होता. दुसरी फेक शेवटच्या बुंध्याच्या पलीकडे गेली. मामांनी ओढलं, गळ लाकडात रुतला. दोरी पाण्यातून वर आली, ताठ झाली, तिच्यावरचे थेंब उडाले. होडीने हिसका खाल्ला आणि नाक झाडाकडे वळवून थांबली.

थांबली!

मामांनी काठी वाकू न देता सरळ झाडाच्या रोखाने धरली. दोरीतून एक बारीक सूर येत होता, डास कानाशी यावा तसा.

"पन्नास पौंड आहेत," मामा म्हणाले. "निर्धास्त बस."

‘बस’. ‘बसा’ नव्हे. अकरा वर्षांत सासऱ्याने जावयाला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. भांडणातसुद्धा ‘तुम्ही मूर्ख आहात’ असं आदरपूर्वक म्हणत. त्या एका ‘बस’ने जावई समजायचं ते समजला. भिंतीच्या आवाजानेही तो इतका घाबरला नव्हता.

मामा वल्ह्याच्या दांड्याला दोरी गुंडाळायला सांगत होते. "हाताला वेढा घेऊ नकोस, बोटं कापेल. दांड्याला घे आणि वल्हं फिरव. एकेक वेढा. आपणच आपल्याला झाडाकडे ओढत न्यायचं. पन्नासची आहे, जोर लावायला हरकत नाही."

"मामा."

"फिरव."

"मामा, बाराची आहे. ताकद बारा. जाडी तीन. मी वरचा आकडा वाचला." एवढं बोलून त्याने डोळे मिटले.



"माहीत आहे," मामा म्हणाले.

जावयाने डोळे उघडले. "कधीपासून?"

"पहिल्या फेकीपासून. या अंगठ्याने एकोणतीस वर्षं मापं हाताळलीत. बारा आणि तीन कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलतोस का ते बघत होतो. दुकानदार आपणहून बोलला, तर मी नुसती ताकीद देऊन सोडायचो." मग जरा थांबून, "तास झाला, तू बोलला नाहीस."

"आणि आत्ता पन्नास का म्हणालात?"

मामांनी घसा साफ केला. "हात कापत होते तुझे. वल्हं पाण्यात पाडलं असतंस."

जन्मभरात या माणसाने दिलेलं हे पहिलं खोटं माप, आणि दिलं ते चांगलं अडतीस पौंडांनी चढवून. एरवी जावयाने ही गोष्ट मांडवभर सांगितली असती. आता त्याच्या डोक्यात फक्त एक आकडा घुमत होता. बारा. बाराच्या भावात जाणं म्हणजे काय ते या वयात, तेही पाण्यावर, शिकायला मिळत होतं.

"बारा तर बारा," मामा म्हणाले. "जोर लावायचा नाही. होडी जेवढी येईल तेवढीच घ्यायची. हिसका बसला की संपलं. फिरव."

त्याने वल्हं फिरवलं. एक वेढा, वीतभर दोरी. थांबायचं. होडी पुढे सरकली की दुसरा वेढा. पत्र्याखालचं पाणी आता लपलप करत नव्हतं, एकसारखं घासत होतं. सातवा, आठवा. पुढून दोरी पाण्याबाहेर येऊन दांड्यावर बसत होती. पावसाळी गवतासारखी हिरवी, चार पदरांची वीण, एकसारखी. डोळे हा त्याचा धंदा होता. त्याला वीण स्पष्ट दिसत होती.

आणि मग ती एकसारखी राहिली नाही. हातभर पुढे, पाण्याच्या जरा वर, दोरीवर केसाळ काहीतरी दिसलं. पंख्याने जिथे खरवडलं होतं ती जागा. दोन पदर तुटून उभे राहिले होते. उरलेले दोन ताठ होते आणि त्यातल्या एकाचा एक तंतू त्याच्या डोळ्यांदेखत सुटून मागे वळला.

"का थांबलास?" मामांनी विचारलं. त्यांना हातभरावरचं दिसत नव्हतं. "काय झालं? काय दिसतंय?"

काही नाही म्हणावं, हा विचार त्याच्या मनात आला, आणि मामांच्याच न्यायाने आला. म्हाताऱ्या माणसाचे हात कशाला कापवायचे? चारही पदर आहेत म्हणावं, हळूच फिरवत राहावं, झालं तर झालं. तोंड उघडलं तेव्हा आपण काय बोलणार आहोत हे त्याला खरोखर ठाऊक नव्हतं.

"दोन पदर गेलेत. तिसरा जातोय. हातभर पुढे."

 मामांनी काठी सावकाश होडीच्या कडेला टेकवली, बुडाखालचं जॅकेट काढलं आणि घातलं. पट्टे लावताना त्यांची बोटं दोनदा चुकली. जावयाने ते पाहिलं आणि भीती आता कुणाच्या वाट्याची वेगळी उरली नाही.

"ती जागा दांड्यावर आली, की पुढची दोरी धड आहे?"

"आहे."

"मग तिच्यावरचा ताण काढायचा. मी होडी पुढे ढकलतो. सैल पडेल तेवढीच घे. ओढायचं नाही, समजलं? एक रतीभरसुद्धा नाही."

ते होडीच्या नाकावर पालथे झाले, आमिषांच्या डब्याचं झाकण उपटून दोन्ही हातांनी पाण्यात घातलं आणि मागे रेटलं. उघड्या डब्यातली आमिषं होडीभर सांडली. सत्तरीचा माणूस, तोंडाने प्रत्येक रेट्याला शिवी. शिव्यांमध्ये सख्खा भाऊ होता, धरण होतं, विणीच्या दोरीची कंपनी होती. जावयाचा नंबर कधी लागतो याची जावई वाट बघत राहिला. होडी टीचभर पुढे गेली. दोरी किंचित लोंबली. त्याने घेतली. पाण्याने होडी परत मागे ओढली, दोरी ताठ होऊ लागली, तिसरा पदर सुटला.

"मामा, एकच राहिला!"

"मग बोलतोस काय, घे!"

मामांनी असा रेटा दिला की झाकण चिरलं. दोरी सैल पडली. जावयाने वल्हं गर्रकन फिरवलं. केसाळ जागा दांड्यावर आली, तिच्यावर एक वेढा, मग दुसरा, मग तिसरा. होडी मागे गेली. दोरी ताठ झाली. तो सूर पुन्हा सुरू झाला. पुढची दोरी चारही पदरांनी धरून होती.

त्यानंतर किती वेढे झाले हे त्याने मोजलं नाही. मोजायचं धाडस नव्हतं. तो दर वेढ्याला मोठ्याने सांगत होता, "धड आहे, धड आहे," आणि पुढे पालथा पडलेला माणूस दर वेळी म्हणत होता, "फिरव."

बुंधा हाताला लागला तेव्हा दोघांनी त्याला एकदमच मिठी मारली. साल कुजकी होती, हाताखाली चुरा होत होती, आतलं लाकूड तेवढं टणक. पाणी बुंध्याच्या दोन्ही बाजूंनी मुकाट्याने जात होतं. दूर किनाऱ्यावर धरणाच्या रखवालदारांची लाँच सुरू झाल्याचा आवाज आला, पण लाँच अजून ठिपक्याएवढी होती.

 जावयाचं तोंड एकदा उघडलं होतं ते मिटेना. "मामा, मी दोरी सैल भरली. दुकानदाराने सांगितलं होतं ओलं फडकं घे. टीव्ही बघत होतो."

"बरं."

"तुमचा जुना रेडिओ हरवला नाही. माझ्या हातून पडला."

"हं."

"आणि मला मासेमारी आवडत नाही. अकरा वर्षं झाली. मला बास खायलासुद्धा आवडत नाही."

"बस कर! सगळं आजच सांगायला हवं का?" मामा बुंध्याला गाल लावून ओरडले. "होडी काय फक्त तुझ्या पापांना आणली होती?"

 ठिपका थोडासा मोठा झाला, फार नाही. मामांनी मान न वळवता, झाडालाच सांगावं तसं, हळू आवाजात म्हटलं,

"आता निघालंच आहे, तर माझंही एक ऐक. मला पोहता येत नाही."

जावयाने त्यांच्याकडे पाहिलं, मग चहूकडच्या पाण्याकडे पाहिलं. या पाण्यावर मामा तीस वर्षं येत होते. त्याने एक हात झाडावरून महत्प्रयासाने सोडवला आणि मामांच्या जॅकेटचा मागचा पट्टा मुठीत धरला.

लाँच आली तेव्हा दोन रखवालदारांनी आधी झाडावरची बोटं सोडवली, ती तशी लवकर सुटली. पट्ट्यावरची मूठ उघडायला मात्र वेळ लागला.